हाव्रो प्रजासत्ताकाचा वाहतूकमंत्री

खोटं बोलायला अक्कल लागते असं म्हणतात. तेवढी कुणालाही असते. खरी अक्कल लागते ती कंटाळवाणं खोटं बोलायला. समुद्रातून सोन्याचा देवमासा निघाला म्हणून सांगा, शेंबडं पोरही हसेल. पण सन एकोणीसशे नऊमध्ये बेटाच्या संसदेने गवताच्या गंजींवरचा कर अर्ध्या टक्क्याने वाढवला म्हणून सांगा, भला भला माणूस जांभई देऊन मान डोलावेल. जांभई आली की विश्वास बसला असं खुशाल समजावं. हाव्रो बेटावरच्या आस्गर टोफ्टला हे मर्म बहुधा जन्मतःच कळलं होतं. कमी पडलं असेल ते त्याने जमीनमोजणीच्या सरकारी कचेरीत सारी हयात काढून कमावलं.

निवृत्त झाल्यावर डेन्मार्कात माणसं मधमाश्या पाळतात, नाहीतर होडी रंगवत बसतात. आस्गरने देश काढला.

इंटरनेटवर अशा मंडळींचा एक अड्डा आहे. ही माणसं इतिहासातली एक काडी इकडची तिकडे करतात आणि मग पुढे काय काय झालं असतं ते ज्ञानकोशातल्या नोंदींच्या थाटात लिहीत बसतात. नियम मोठे कडक. काडी एकच हलवायची, पुढचं सगळं तिच्यामागून आपसूक यायला हवं. हे काल्पनिक आहे अशी पाटी अड्ड्याच्या दारावर असते. नोंदीत मात्र तसा चकार शब्द काढायचा नाही, कारण कुठलाही ज्ञानकोश स्वतःबद्दल असं बोलत नाही.

आस्गरची काडी साधी होती. डेन्मार्क आणि प्रशियाच्या १८६४च्या लढाईनंतर तहाचा मसुदा करताना कारकून यादीत हाव्रोचं नाव घालायला विसरला. त्यामुळे बेट धड डॅनिश राजाचं राहिलं नाही आणि धड प्रशियाचंही झालं नाही. बेटकऱ्यांनी दोन वर्षं वाट पाहिली की कुणीतरी आपल्याला न्यायला येईल. कुणी आलं नाही, तेव्हा नाइलाजाने त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडला. हा ‘नाइलाजाने’ शब्द जरा थांबून पाहावा. दुसरा कुणी असता तर त्याने इथे क्रांती घातली असती, तोफा डागल्या असत्या. आस्गरला आपली माणसं ठाऊक होती. हाव्रोवर कुणी हौसेने काही करत नाही.

तिथून पुढे त्याने दीडशे वर्षांचा संसार थाटला. निवडणुका, फुटलेले पक्ष, पुन्हा जुळलेले पक्ष, दारूबंदीवाल्यांचं अल्पमतातलं सरकार, सगळं. प्रत्येक पुढाऱ्याच्या नोंदीला उजवीकडे चौकट, चौकटीत फोटो, कार्यकाळ, पूर्वाधिकारी, उत्तराधिकारी. मतांच्या बेरजा गावागणिक जुळलेल्या. एका उपसभापतीने राजीनामा का दिला याचं कारण सुचेना, तर हा गडी आठवडाभर ताटाकडे बघत बसला. शेवटी बायको एलिनोर वैतागून म्हणाली, पाठ दुखत असेल त्याची, आता बटाटे घे. आस्गरने पाठदुखी लिहिली. त्या पाठदुखीची उट्रेख्तपासून तुर्कूपर्यंतच्या जाणकारांनी वाहवा केली. एवढी हुबेहूब पाठदुखी या क्षेत्रात आजवर कुणाला साधली नव्हती म्हणतात.

आणखी एक गुपित त्याला गवसलं होतं. ज्या देशात सगळे निर्णय शहाणपणाचे असतात तो देश खोटा वाटतो. म्हणून दर दहापंधरा वर्षांनी हाव्रो प्रजासत्ताकाकडून तो एखादा ढळढळीत मूर्खपणा करवून घ्यायचा. १९३१ला अशीच मूर्खपणाची पाळी आली, तेव्हा त्याने बेटाला सार्वमत घ्यायला लावलं आणि हिवाळ्यातली फेरीबोट उधळपट्टी म्हणून बंद करून टाकली. पुढे समुद्र गोठला, बेट अडकलं, सरकार पडलं. ओघवती नोंद झाली होती. फक्त या कारभाराच्या वाहतूकमंत्र्याला चेहरा हवा होता.

आस्गर दर गुरुवारी जुन्या दूधडेअरीतल्या ग्रामसंग्रहालयात बसायचा. तिथे एका खोक्यात कुणाचे कोण कळत नाही असे जुने फोटो होते. त्यातली एक भरघोस दाढी त्याने उचलली. दाढीतून अंदाजपत्रकी तूट डोकावत होती. मंत्री म्हणून माणूस फिट्ट बसला.

ती दाढी लाउरिट्सच्या आजोबांची निघाली.

लाउरिट्स आस्गरचा शेजारी आणि बेटाच्या फेरीबोटीचा कप्तान. त्याचे वडील फेरीवर, आजोबाही फेरीवर. हे आजोबा म्हणजे क्रेस्टन, बर्फ फोडत, वल्ही मारत सुईणीला पैलतीरावरून आणणारा म्हणून बेटावर त्याचं नाव घेतात. किराणा दुकानवाल्या डाग्नीबाई आपल्या मोहरीच्या बाटलीवर बेटाविषयी दोन बऱ्या ओळी छापायच्या म्हणून इंटरनेट चाळत होत्या. चाळता चाळता त्यांना हिवाळी फेरी बंद करणाऱ्या मंत्र्याच्या फोटोत क्रेस्टन भेटला. डाग्नीबाईंच्या दुकानात जी गोष्ट सकाळी कळते ती दुपारी दीपस्तंभापर्यंत पोहोचते, आणि दीपस्तंभात तर कुणी राहतही नाही.

लाउरिट्स आस्गरच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, म्हणजे प्रकरण गंभीर.

“आजोबांनी फेरी बंद केली म्हणे.”

“ते तुझे आजोबा नव्हेत,” आस्गर म्हणाला. “ते मंत्री आहेत.”

“दाढी आजोबांची आहे.”

“दाढी आहे. निर्णय माझा आहे.”

“मग तुझी दाढी लावायचीस,” एवढं बोलून लाउरिट्स गेला. आस्गर तर गुळगुळीत दाढी करायचा. त्या दिवसापासून फेरीवर लाउरिट्स त्याच्याकडून भाडं घ्यायचा, पण त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. इतकी वर्षं आस्गर सुकाणूच्या खोलीत उभा राहून गप्पा मारत पैलतीराला जायचा. आता तो बाहेर कठड्याशी उभा राहू लागला.

फोटो बदलावा असं त्याला वाटलं. पण तेवढ्यात भलतंच सुरू झालं.

बेटावरची माणसं एकेक करून आस्गरकडे यायला लागली. हाव्रोवर मोठेपणा मागणं म्हणजे भर चर्चमध्ये ढेकर देणं, त्यामुळे सरळ कुणी काही मागायचं नाही. एकाने अर्धा तास हवामानावर काढला आणि उठता उठता म्हणाला, आमच्या पणजोबात तसं काही विशेष नव्हतं, पण एखादं लहानसं खातं सांभाळायला त्यांना जड गेलं नसतं. डाग्नीबाईंनी सुचवलं की आमच्या आत्याला मंत्रीबिंत्री करू नये, ती फार साधी होती, मात्र परराष्ट्र खात्यात तिच्या सल्ल्याशिवाय पान हलत नसे असं एक वाक्य चालेल. अर्थमंत्री म्हणून ज्याच्या आजोबांचा फोटो लागला होता, त्या नातवाने येऊन तक्रार केली की आजोबांना एवढं मोठं पद दिल्याने आम्हाला लोकांत तोंड दाखवायला जागा नाही, आणि जाताना विचारलं की दुसऱ्यांदा निवडून आले असते का.

आस्गर हैराण झाला. एका जागेसाठी चारचार पणजोबा. दिलं तर इतिहास बिघडतो, न द्यावं तर डाग्नीबाई चीज संपलं म्हणतात. एलिनोर म्हणाली, खऱ्या मंत्रिमंडळात माणसं तरी जिवंत असतात, त्यांना काढता येतं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. डॅनिश माणूस नाराज झाला की भांडत नाही, मंडळ काढतो. शाळेच्या सभागृहात कॉफीचं टेबल मांडलं, सात तऱ्हेचे केक आले, आणि ‘हाव्रो प्रजासत्ताक मंडळ’ स्थापन झालं. घटना लिहिली. अध्यक्ष, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि हिशेबतपासनीस आजारी पडला तर त्याचा बदली, सगळे निवडले. नगरपालिकेत रीतसर नोंदणी झाली, क्रमांक मिळाला, सभागृह फुकट वापरायची परवानगी मिळाली. कुणाच्याही पणजोबावर अन्याय होऊ नये म्हणून आस्गरच्या सगळ्या नोंदी वसंतातल्या वार्षिक सभेपुढे ठेवल्या गेल्या आणि मंडळाचा अधिकृत इतिहास म्हणून हात वर करून मंजूर झाल्या. एकट्या लाउरिट्सने हात वर केला नाही. सभेत त्याचं काय म्हणणं आहे असं अध्यक्षांनी विचारलं, तर तो म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, माझी फेरीची वेळ झालीय.

मी म्हणतो, मनाने रचलेली गोष्ट ठरावाने मंजूर करू नये. पण हे सांगायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. सगळे सहाव्या केककडे वळले होते.

शरद ऋतूत नगरपालिकेचं पत्र आलं. पैलतीरावरच्या वाहतूक समितीने काटकसरीसाठी हाव्रोची हिवाळी फेरी बंद करायचं योजलं होतं. तसं ते दरवर्षीच योजायचे. पण यंदा पत्रात कारण होतं. बेटावरील नोंदणीकृत नागरिक मंडळाच्या अधिकृत इतिहासानुसार बेटकऱ्यांनी स्वतःच सार्वमताने हिवाळी फेरी अनावश्यक ठरवलेली असून, सदर इतिहास गेल्या वसंतात सर्वसाधारण सभेने पुनश्च मंजूर केला आहे. समिती या स्थानिक परंपरेचा आदर करू इच्छिते.

डाग्नीबाईंनी प्रजासत्ताकाचं नाव छापलेल्या मोहरीच्या बाटल्या पाठीमागच्या फळीवर नेऊन ठेवल्या. हिवाळी फेरी गेली म्हणजे लाउरिट्सची नोकरी गेली. उन्हाळ्यापुरता कप्तान ठेवायला कुणी तयार नव्हतं, आणि या वयात त्याने पैलतीरावर जाऊन करायचं तरी काय. त्याने बोटीची पितळी घंटा घासायला घेतली. निरोप देताना माणूस ज्या निगुतीने वस्तू पुसतो, तशी.

ते आस्गरने पाहिलं.

त्याने नगरपालिकेत फोन लावला. किर्स्टिना नावाची एक गोड आवाजाची अधिकारी होती, अहवाल तिनेच केला होता. आस्गरने सांगितलं की ते सार्वमत झालंच नाही. ती म्हणाली, बरं, झालं नाही याचा काही संदर्भ आहे का? त्याने सांगितलं की त्याच नोंदीत खाली बंदीमुळे सरकार पडल्याचंही लिहिलंय. ती म्हणाली, सारांश वरच्या परिच्छेदाचा करायची पद्धत आहे. अड्ड्याच्या दारावरच्या पाटीचं सांगितलं, तर म्हणाली, मंडळाच्या मंजूर प्रतीवर पाटी नाही. प्रजासत्ताक म्हणजे काय वाटलं तुम्हाला, असं त्याने विचारलं. मंडळाचं नाव आहे, क्रमांकासकट, असं ती म्हणाली, आणि तिचं काही खोटं नव्हतं.

मंडळाची तातडीची सभा भरली. ठराव रद्द करा म्हणून सगळे ओरडले. पण घटनेत, आणि ती घटना त्यांनीच मोठ्या हौसेने लिहिली होती, इतिहासात बदल करायला ओळीने दोन सभा लागत होत्या आणि प्रत्येकीला तीन आठवड्यांची पूर्वसूचना. फेरी बंद करण्याबाबत समिती जी सुनावणी घेणार होती ती त्याच्या आधी होती. घटना मोडावी असं कुणी सुचवलंही नाही. बुडती बोट सोडतानासुद्धा ही माणसं रांग लावतील.

म्हणजे उरला आस्गर. नोंदी खोट्या आहेत हे त्यानेच सुनावणीत सिद्ध करायचं. आणि सिद्ध करायला काय लागतं, तर चूक. एखादी न जुळणारी बेरीज, जन्माआधी मेलेला मंत्री, रविवारी घेतलेलं मतदान, काहीतरी. आस्गर आपल्या दीडशे वर्षांवर तुटून पडला. चूक नव्हती. पुन्हा तपासलं. नव्हतीच. बुधवारचे बुधवार, मेलेले मेलेले, बेरजा जागच्या जागी.

एलिनोर म्हणाली, “लोक चूक सापडली म्हणून रडतात. तू सापडत नाही म्हणून रडतोस.”

“मी जरा वाईट लिहायला हवं होतं,” आस्गर म्हणाला.

“ते तुला जमलं नसतं,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची एवढी स्तुती कधी केली नव्हती, आणि केली ती अशा वेळी की त्याला सुख म्हणून घेता येईना.

सुनावणीच्या दिवशी अर्धं बेट फेरीवर होतं. आस्गर नेहमीसारखा बाहेर कठड्याशी, वाऱ्यात.

नगरपालिकेच्या सभागृहात समितीच्या अध्यक्षा विबेके होल्क मधोमध बसल्या होत्या. बाई कामसू, पण हिशेबाला पक्क्या. त्यांच्या डावीकडे विरोधी पक्षाचे उपाध्यक्ष एस्किल ब्रॉक मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. किर्स्टिना इतिवृत्त लिहायला बसली होती.

आस्गर उभा राहिला आणि म्हणाला की हे सगळं मी मनाने रचलंय. सभागृहात पाठीमागे बेटकरी बसलेले होते. पन्नासेक घरांच्या पणजोबांची मंत्रिपदं त्याने एका वाक्यात काढून घेतली होती.

विबेकेबाईंनी अहवाल चाळला. “टोफ्ट, तुमचा बेटावर जीव आहे, हे मी समजू शकते. पण आम्ही आकडे तपासलेत. बेरजा बरोबर येतात. मतदानाच्या दिवशीचा वार बरोबर येतो. इथे एका उपसभापतीची पाठ दुखतेय. असलं कुणी मनाने रचत नाही.”

आता सांगा, या वाक्यावर माणसाने हसावं की रडावं. हयातभर वाट पाहिली ती पावती अखेर मिळाली, आणि मिळाली ती शेजाऱ्याची भाकरी काढून घेणाऱ्या हाताने. आस्गरचा चेहरा क्षणभर फुलला. मागे बसलेल्या लाउरिट्सला तो फुललेला दिसला असणार, कारण खुर्ची करकरली.

आस्गरने खिशातले कागद टेबलावर ठेवून दिले. मग विबेकेबाईंकडे, ब्रॉककडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं, आणि नोंद वाचावी तशा सपाट, झोप आणणाऱ्या आवाजात बोलायला लागला.

“होल्क, विबेके. स्थानिक राजकारणी. वाहतूक समितीच्या अध्यक्षा. हाव्रोची हिवाळी फेरी बंद करण्याच्या निर्णयासाठी मुख्यत्वे परिचित. त्याच हिवाळ्यात समुद्र गोठल्याने बेटावर एका शेतघरात सुईणीविना बाळंतपण झालं. बाळबाळंतीण सुखरूप. मुलीचं नाव विबेके ठेवण्यात आलं.”

“माझं नाव?” बाई म्हणाल्या.

“रागाने नव्हे. आईच्या घराण्यातलंच नाव होतं. मात्र वर्तमानपत्रांनी तेवढी चौकशी केली नाही.” आस्गरचा आवाज तसाच सपाट. “बालिकेचं छायाचित्र देशभर प्रसिद्ध झालं. होल्क यांनी विणलेले मोजे भेट पाठवले. ते एका पायाला लहान होते. पुढील निवडणुकीत त्यांना अडतीस पूर्णांक दोन टक्के मतं मिळाली. निवृत्तीनंतर त्यांनी मधमाश्या पाळल्या. उत्तराधिकारी, एस्किल ब्रॉक.”

ब्रॉकनी मोबाइल खाली ठेवला. त्यांनी टायची गाठ सारखी केली आणि इतकी वर्षं न दिसलेल्या आस्थेने हाव्रोच्या नकाशाकडे बघायला लागले.

सभागृहात कुणीतरी जांभई दिली.

विबेकेबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मोज्यांपाशी त्या हसल्या होत्या, पण टक्क्यांपाशी हसू मावळलं. “हे खोटं आहे,” त्या सावकाश म्हणाल्या.

“संपूर्ण,” आस्गर म्हणाला. “आत्ता इथे उभ्याउभ्या रचलं. त्या सार्वमताइतकंच खोटं आहे, बाई. त्याहून एक तसूभरही जास्त नाही.”

किर्स्टिनाने मान वर करून हळूच विचारलं, “इतिवृत्तासाठी, संदर्भ काय लिहू?”

“अजून घडलेलं नाही, असं लिहा,” आस्गर म्हणाला.

विबेकेबाईंनी पाण्याचा घोट घेतला. ब्रॉककडे बघितलं. ब्रॉक नकाशाकडेच बघत होते. मग बाईंनी चष्मा काढला आणि सांगितलं की प्रकरणाला अनेक बाजू आहेत, अधिक अभ्यासाची गरज आहे, आणि अभ्यास पुरा होईपर्यंत फेरी आहे तशी चालू ठेवावी. ब्रॉक म्हणाले की आपणही नेमकं हेच सुचवणार होतो. नगरपालिकेतला अधिक अभ्यास म्हणजे काय असतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. लाउरिट्स निवृत्त होईल, त्याच्या जागी येईल तोही होईल, आणि अभ्यास चालूच असेल.

परतीच्या फेरीवर बेटकऱ्यांनी आस्गरचं अभिनंदन वगैरे केलं नाही. डाग्नीबाईंनी थर्मासमधली कॉफी सगळ्यांच्या आधी त्याला ओतली, एवढंच. ती घेऊन तो आपल्या सवयीने कठड्याशी गेला. वारा बोचरा होता, समुद्र शिशासारखा काळा.

सुकाणूच्या खोलीचं दार उघडलं.

“आत ये,” लाउरिट्स म्हणाला. “बाहेर गारठशील.”

आस्गर आत गेला. दोघं पुढच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. बंदराचा दिवा मागे पडला, बेटाचे दिवे अजून दिसत नव्हते. आजोबांच्या फोटोविषयी माफी मागावी म्हणून आस्गरने तोंड उघडलं, पण लाउरिट्स आधी बोलला.

“अडतीस टक्के,” तो म्हणाला. “त्या बाईला जरा जास्तच दिलेस.”

आस्गरने कॉफीचा घोट घेऊन प्रामाणिकपणे विचार केला.

“मलाही तसंच वाटलं होतं,” तो म्हणाला. “पण त्याहून कमी दिले असते, तर तिचा विश्वास बसला नसता.”

लाउरिट्सने मान डोलावली आणि बोट बेटाकडे वळवली.